गाडीत हरवलेला काफिया

तुमच्यापैकी काही जण हे भाषण गाडीतच ऐकत असाल. असाल तर एक करून बघा. मी 'स' म्हणतोय की 'श', हे स्पष्ट कळतंय का? नसेल कळत, तर दोष माझ्या जिभेचाही असू शकतो, दोन दात बसवलेले आहेत. पण बऱ्याचदा दोष तुमच्या गाडीच्या दारात असतो.

मला हे कळलं ते एका मित्रामुळे. मित्र कवी होता, 2011 साली गेला. त्याच्या गझलांचं छोटंसं पुस्तक आम्ही नंतर काढलं, काही वहीवरून, काही एका जुन्या कॅसेटवरून उतरवून. त्या कॅसेटवरचा मुशायरा माझ्या मुलीनं पुढे पेन ड्राइव्हवर घालून दिला आणि सोलापूरहून पुण्याला जाताना मी तो गाडीत लावला. आवाज त्याचाच, खर्जातला, भरदार. पण शेराच्या शेवटी तो काय म्हणतोय ते कळेना. काफियाच ऐकू येत नसेल तर गझलेत ऐकायचं काय? आवाज वाढवला, तर दाराचा पत्रा थरथरू लागला आणि शब्द आणखी गढूळ झाले.

असं का होतं? पुरुषी आवाजाचा भरदारपणा खालच्या कंपनांत असतो, सेकंदाला शे-दोनशेच्या आसपास. 'स', 'श', 'च' यांची धार मात्र बरीच वर, चार ते आठ हजार कंपनांच्या भागात. ही वरची कंपनं सरळ रेषेत जातात आणि आड काही आलं की विरतात. साध्या गाडीत कंपनी बहुधा एकेका दारात एकच हलका, कागदी कोनाचा स्पीकर बसवते, तोही पोटरीच्या उंचीवर. म्हणजे माझ्या मित्राचा 'स' माझ्या विजारीपर्यंत येऊन थांबत होता.

यावर उपाय म्हणजे दोन तुकड्यांतला संच. साडेसहा इंची वूफर दारात राहतो. छोटा ट्विटर वर, आरशाच्या कोपऱ्याजवळ, कानाच्या रोखानं बसतो. कुणाला कोणती कंपनं द्यायची ते क्रॉसओव्हर नावाची डबी ठरवते. एकाच स्पीकरच्या पोटात ट्विटर असलेला स्वस्त प्रकारही मिळतो. मागच्या दारांना तो चालतो, पुढच्या दारांत मला तो पटत नाही.

नुसता स्पीकर बदलून मात्र भागत नाही. दार म्हणजे भोकं पाडलेला पत्र्याचा डबा. स्पीकरचा पडदा पुढे सरकला की पुढची हवा दाबली जाते, त्याच क्षणी मागची विरळ होते. ही दोन्ही हवा भोकांतून एकमेकांना भेटली की हिशेब फिटतो आणि खालचे स्वर नाहीसे होतात. म्हणून दाराच्या आतल्या पत्र्याची भोकं झाकायची, पत्र्यावर रबरासारखी चिकट ब्यूटाइलची शीट दाबून बसवायची, स्पीकरखाली घट्ट रिंग द्यायची. दिसायला काहीच दिसत नाही म्हणून लोक यावर पैसे घालायला तयार नसतात. माझं मत विचाराल तर पहिला पैसा इथेच घाला. फक्त दाराच्या तळाशी पाणी जायची छिद्रं असतात ती बुजवू नका, दार आतून गंजेल.

आता अ‍ॅम्प्लिफायर. गाडीतल्या प्लेअरच्या खोक्यावर '50 वॅट गुणिले 4' असं ठळक छापलेलं असतं. त्यावर विश्वास ठेवू नका. इंजिन चालू असताना गाडीत साधारण 14 व्होल्ट असतात, स्पीकरचा अवरोध बहुधा 4 ओहम. एवढ्या भांडवलावर एका स्पीकरला सलग आणि स्वच्छ मिळतात 15 ते 20 वॅट. वेगळा अ‍ॅम्प्लिफायर आपल्या पोटात ते व्होल्ट वाढवून घेतो, म्हणून जास्त देऊ शकतो. खरेदी करताना आरएमएस हा आकडा विचारा, बाकीचे आकडे दुकानदाराला परत करा.

वॅट दुप्पट झाले म्हणजे आवाज दुप्पट, असंही नाही. दुप्पट वॅटनं जेमतेम 3 डेसिबल वाढतात. कानाला दुप्पट वाटायला दहापट वॅट लागतात. मग अ‍ॅम्प्लिफायर कशाला? तबल्याची थाप किंवा गायकाची अचानक उठलेली तान क्षणभर कितीतरी पट शक्ती मागते. ती नसली की लाटेचा माथा छाटला जातो, आवाज फाटतो. हाच छाटलेला आवाज ट्विटर जाळतो. अ‍ॅम्प्लिफायरवर 'गेन' नावाचं बटण असतं, ते आवाज वाढवायचं बटण नव्हे. प्लेअरच्या आवाजाशी मेळ घालण्यासाठी ते एकदा लावायचं आणि विसरायचं.

आता माझी फजिती सांगतो. चार स्पीकरना 50-50, म्हणजे 200 वॅट द्यायचे, तर जुन्या धर्तीचा अ‍ॅम्प्लिफायर पूर्ण जोरात बॅटरीतून त्याच्या जवळपास दुप्पट ओढतो, म्हणजे 30 अँपिअरच्या आसपास. हेडलाइटचा 55 वॅटचा बल्ब चारच ओढतो. आमच्या फिटरनं बॅटरीपासून डिकीपर्यंत वायर ओढली, बॉनेटमागच्या पत्र्याच्या भोकातून नुसतीच काढली, रबरी बूच नाही, बॅटरीपाशी फ्यूजही नाही. टेंभुर्णीच्या अलीकडे जळका वास आला. पत्र्याच्या धारेनं वायरचं आवरण सोललं होतं. गाडी कडेला घेतली, दहा नंबरचा पाना सुदैवानं हाताशी होता, बॅटरीची वायर सोडवली. बायको रस्त्याच्या कडेला उभी राहून म्हणाली, "गझल घरी ऐकता येत नव्हती का?"

फ्यूज बॅटरीपासून अर्ध्या मीटरच्या आतच हवा. तो अ‍ॅम्प्लिफायरसाठी नसून वायरसाठी असतो, दूर बसवला तर मधली सगळी वायर उघड्यावर. वायर शुद्ध तांब्याची घ्या. स्वस्त वायरीत आत अ‍ॅल्युमिनियम आणि वर तांब्याचा नुसता मुलामा असतो. अर्थिंगची वायर तेवढीच जाड आणि आखूड, रंग खरवडून उघड्या पत्र्यावर कसायची. सिग्नलची वायर गाडीच्या दुसऱ्या बाजूनं न्या, नाहीतर इंजिनाची शिट्टी गाण्यात मिसळते. कंपनीच्या वायरी कापू देऊ नका, मधे लावायचे कपलर मिळतात, वॉरंटीचा वादही टळतो. विम्यात या सामानाची वेगळी नोंद करून घेता येते.

डिकीत भलामोठा सबवूफर टाकून गल्ली हादरवणाऱ्यांसाठी माझ्याकडे काही सल्ला नाही. 85 डेसिबलला आठ तास, आणि पुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मा, एवढीच कानाची सहनशक्ती आहे.

दुसऱ्या फिटरकडून सगळं नव्यानं करून घेतलं आणि पुन्हा तोच मुशायरा लावला. आधी कॅसेटची खरखर आली, तीही आता लख्ख. मग मित्रानं घसा साफ केलेला ऐकू आला, कुणीतरी बशीत कप ठेवलेला ऐकू आला. तिसऱ्या शेराला मी गाडी थांबवली. पुस्तकात आम्ही 'वास' छापलं होतं. तो 'श्वास' म्हणत होता. त्या रात्री त्याच्या मुलाला फोन करून सांगितलं. उरलेल्या चाळीसेक प्रती घरी आहेत, पेनानं दुरुस्त करतोय.