हवा हवी, पण मोजून!

एअर प्युरिफायर घ्यायचाय? मग साइटवरचे स्टार मोजत बसू नका, आधी घरातली मेजरिंग टेप काढा. खोलीची लांबी, रुंदी आणि उंची. उंची कुणीच मोजत नाही, पण सगळा खेळ तिथेच आहे. हे तीन आकडे खिशात नसतील तर दुकानात सेल्समन सांगेल ते ऐकून यावं लागतं. आणि सेल्समन फार गोड बोलतात बॉस!

मला हा अभ्यास करावा लागला आईमुळे. मी राहते बुधवार पेठेत. (हो, बुधवार पेठेत. पत्ता सांगितल्यावर मैत्रिणींच्या ऑफिसमधल्या लोकांचे चेहरे दोन सेकंद कसे होतात, ते मला पाठ आहे. अहो, दगडूशेठचा गणपती, तापकीर गल्लीतल्या लाइटच्या माळा, पासोड्या विठोबा, हे सगळं बुधवारातच येतं!) गेल्या हिवाळ्यात आई गावाहून चार महिने राहायला येणार होती आणि तिला सीओपीडी आहे. सिगारेटला आयुष्यात हात न लावलेल्या बाईला हा आजार कसा? तर तीसेक वर्षं फुंकणी घेऊन चुलीपुढे बसल्यामुळे. गावाकडच्या बायकांमध्ये या आजाराचं हे अगदी ओळखीचं कारण. इनहेलर चालू होताच, तो चालूच राहणार. मशीन त्याच्या जागी येत नाही, हे डॉक्टरांनी पहिल्याच वाक्यात सांगितलं. प्रश्न एवढाच होता, की चार महिने ती जिथे झोपणार त्या खोलीतली हवा मला किती साफ ठेवता येईल.

कारण हिवाळ्यात पुण्याची हवा खाली बसते. रात्री जमिनीलगतची हवा गार होते, वर ऊबदार थराचं झाकण पडतं आणि गाड्यांचा, शेकोट्यांचा धूर पहाटेपर्यंत इथेच घुटमळतो. त्यात लक्ष्मी रोडचं ट्रॅफिक आमच्या उशाशी. त्रास देतात ते पीएम २.५ म्हणजे अडीच मायक्रॉनपेक्षा बारीक कण, केसाच्या जाडीच्या साधारण तिसावा भाग. हे नाकात अडकत नाहीत, थेट फुप्फुसात खोलवर जातात. २४ तासांच्या सरासरीत घनमीटरमागे ६० मायक्रोग्रॅम ही आपली भारतातली मर्यादा. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सांगितलेली मर्यादा १५. म्हणजे ॲपवर हिरवा-पिवळा रंग दिसला म्हणून आईच्या फुप्फुसांना तो मान्य असेलच असं नाही. २०१९ मध्ये केंद्राने 'राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रम' सुरू केला, त्यातल्या शहरांच्या यादीत आपलं पुणंही आहे.

आता फंडा समजून घ्या. प्युरिफायर म्हणजे एक पंखा आणि एक गाळणी, बस्स! बाकी वायफाय, ॲप, निळा लाइट ही सगळी सजावट. गाळणी 'हेपा' हवी. अमेरिकन व्याख्येप्रमाणे ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवते ती खरी हेपा. 'हेपा टाइप', 'हेपा लाइक' असं लिहिलं असेल तर तो खोका परत शेल्फवर ठेवा. कार्बनचा थर असतो तो वासांसाठी, धुळीसाठी नाही.

पण नुसती गाळणी भारी असून उपयोग काय? पंख्याने तिच्यातून पुरेशी हवा ढकलली पाहिजे. त्याचा आकडा म्हणजे सीएडीआर, तासाला किती घनमीटर स्वच्छ हवा मिळते ते. श्वासाचा त्रास असेल तर खोलीतली सगळी हवा तासाला निदान पाच वेळा गाळली जावी, असा हिशेब धरतात. माझी आतली खोली १२ बाय १० ची, पण वाड्यातली, त्यामुळे उंची ११ फूट. १३२० घनफूट. ३५ ने भागा, साधारण ३८ घनमीटर. गुणिले पाच, १९०.

हा १९० चा कागद घेऊन मी दुकानात गेले. "ताई, हे घ्या, तीनशे स्क्वेअर फुटाला चालतंय, तुमची खोली तर एवढीशी," काका म्हणाले. खोक्याच्या मागे बारीक अक्षरात सीएडीआर १४०. आता नऊ फूट उंची धरली तरी तीनशे स्क्वेअर फुटांची खोली होते ७७ घनमीटरची. म्हणजे तासाला हवा दोनदासुद्धा गाळून होत नाही! खोक्यावरचे स्क्वेअर फूट कुठल्या हिशेबाने छापतात ते कंपनीलाच ठाऊक, तुम्ही सीएडीआरच बघा.

त्यातही गंमत म्हणजे तो आकडा असतो फुल्ल स्पीडचा. फुल्ल स्पीडला मशीन एवढं घोंघावतं, की आई पहिल्याच रात्री उठून बटण बंद करणार याची मला खात्री होती. स्लीप मोडवर आवाज नाही, पण हवाही जेमतेम. म्हणून गरजेपेक्षा मोठं घ्यायचं आणि मधल्या स्पीडवर चालवायचं. मी ३०० च्या आसपास सीएडीआरचं घेतलं. तीन लेखांचं मानधन गेलं, पण ठीक आहे.

काकांचा पुढचा बाण होता आयोनायझर. "निगेटिव्ह आयन सोडतंय, एकदम महाबळेश्वर!" नको म्हटलं. काही आयोनायझर ओझोन तयार करतात आणि ओझोन हा फुप्फुसांना झोंबणारा वायू आहे. दम्याच्या, सीओपीडीच्या पेशंटच्या खोलीत तो कशाला? ज्या मॉडेलमध्ये आहे, त्यात तो बंद करायचं वेगळं बटण आहे ना, एवढं बघा.

आणि फिल्टरची किंमत मशीन घेण्याआधी विचारा, प्लीज. समजा फिल्टर अडीच हजारांचा आणि आठ-दहा महिने टिकला, तर महिन्याला अडीचशे-तीनशे रुपये झाले. लाइट बिलाचं टेन्शन घेऊ नका. ४० वॅटचं मशीन रोज दहा तास चालवलं तर महिन्याला बारा युनिट.

वाड्यात राहणाऱ्यांची आणखी एक भानगड. आमची दारं-खिडक्या लाकडी, बंद केली तरी फटीतून रस्ता दिसतो. अशा खोलीत मशीन लावणं म्हणजे गळक्या बादलीत पाणी भरणं. बोहरी आळीतून फोमची पट्टी आणली आणि फटी बुजवल्या. अगदी हवाबंद मात्र करू नका, प्युरिफायर कार्बन डायऑक्साइड काढत नाही. दुपारी रहदारी थोडी कमी असते, तेव्हा आम्ही तासभर खिडक्या सताड उघड्या टाकतो.

खरी लढाई मात्र घरातच होती. मशीनवरचा आकडा लाल कधी होतो? फोडणी घातली की. पोळी करपली की. आणि सगळ्यात जास्त, आईची पूजा सुरू झाली की! उदबत्ती, धूप, कापूर. बाहेरच्या ट्रॅफिकला शिव्या घालाव्यात, तर तेवढ्यात देवघरातून लाल दिवा. डासांच्या कॉइलचं तर बोलूच नका. २००३ च्या एका अभ्यासात एका कॉइलच्या धुरातले बारीक कण ७५ ते १३७ सिगारेटींएवढे निघाले होते. कॉइल मी त्याच दिवशी बाद केली, मच्छरदाणी लावली. त्याला आईची हरकत नव्हती.

उदबत्तीला होती. "अगं, देवाला उदबत्तीसुद्धा नको म्हणतेस? चुलीच्या धुरात तुम्हाला वाढवलं, तेव्हा कुठे होतं तुझं मशीन?" यावर काय बोलणार? मी तिला खुर्चीत बसवलं, मशीनवरचा आकडा दाखवला आणि उदबत्ती लावली. आकडा चढत गेला, तशी ती चष्मा लावून बघत राहिली. विझवली तेव्हा काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी मंडईतून जास्तीची फुलं आणली.

आता उदबत्ती रोज एकच, तीही गॅलरीत, आतल्या खोलीचं दार लावून. संकष्टीला मात्र देवघरातच लागणार, ही तिची अट आहे. त्या दिवशी मशीन दोन तास फुल्ल स्पीडवर, आणि तोवर आई बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी मंडईची भाजी निवडत बसते.