तरफेची तार आणि बिनबॅटरीचा रेडिओ

घरी पहिला रेडिओ आला तो दिवस पुष्कळांना आठवतो. मला तो आठवणे शक्य नाही, कारण तेव्हा माझा जन्मच झाला नव्हता. सांगलीला आकाशवाणीचे केंद्र १९६३ साली सुरू झाले, आणि त्याच वर्षी माझ्या आजोबांनी मिरजेतल्या आमच्या घरी व्हॉल्व्हचा रेडिओ आणला. सारे घर त्यांना आण्णा म्हणे. आण्णा प्राथमिक शिक्षक. रेडिओची किंमत त्यांच्या अडीच महिन्यांच्या पगाराइतकी. शिवाय वर्षाला पंधरा रुपये भरून पोस्टातून परवाना काढायचा तो वेगळाच. हा परवाना पुढे ऐंशीच्या दशकात रद्द झाला, पण आण्णांनी पोस्टाचे शिक्के असलेले ते पुस्तक काही टाकले नाही.

माझ्या लहानपणी तो रेडिओ म्हणजे घरातले एक वडीलधारे माणूसच होते. बटण फिरवले की लगेच बोलायचा नाही. आतले व्हॉल्व्ह तापायचे, पाठीमागून तांबूस उजेड दिसायचा, समोरचा हिरवा डोळा हळूहळू उघडायचा, आणि मग कुठे आवाज. तोवर कोणी बोलायचे नाही. “तापू दे जरा,” एवढेच आण्णा म्हणत. सकाळी सात वाजून पाच मिनिटांनी पुण्याच्या प्रादेशिक बातम्या लागायच्या, त्या संपल्याशिवाय घरात दुसरा चहा होत नसे.

१९९१ साली हा रेडिओ बंद पडला. दुरुस्तीवाल्याने पाहून सांगितले, व्हॉल्व्ह गेलेत आणि तसले आता मिळत नाहीत. काकांनी छोटा ट्रान्झिस्टर आणून दिला, पण आण्णांना तो रुचला नाही. “पत्र्याचा आवाज आहे,” म्हणाले आणि ऐकणेच सोडून दिले. मात्र सात वाजले की मुक्या रेडिओसमोरच्या खुर्चीत जाऊन बसत. आजी नुकतीच गेली होती. आम्ही कोणी काही बोलत नसू.

आता थोडे शास्त्राकडे वळू, कारण पुढची हकिगत त्यावाचून कळायची नाही.

मिरजेत दीडशे वर्षांहून अधिक काळ सतारी आणि तंबोरे बनत आले आहेत. २०२४ साली या दोन्ही वाद्यांना भौगोलिक मानांकनही मिळाले. आमच्या शाळेच्या वाटेवर एक कारखाना होता. तिथले चाचा भोपळ्याला रंधा मारत बसलेले असत आणि आम्ही पोरे दारात उभी. सतारीला वरच्या वाजवायच्या तारांखाली अकरा ते तेरा बारीक तारा असतात. त्यांना तरफेच्या तारा म्हणतात. एक दिवस चाचांनी कागदाचे बारके कपटे दुमडून त्या तारांवर घोड्यासारखे बसवले आणि वरची एक तार छेडली. एकच कपटा उडाला! बाकीचे होते तिथेच. दुसरा सूर छेडला, तर दुसराच कपटा उडाला. “जिचा सूर जुळला तीच बोलणार, बाकीच्यांना ऐकूच येत नाही,” चाचा म्हणाले. शिक्षकबंधूंनी हा प्रयोग वर्गात जरूर करून दाखवावा. सतार नसली तर एका सुरात लावलेल्या दोन तारा पुरतात.

रेडिओ एक केंद्र कसे निवडतो, याचे सारे मर्म त्या कपट्यात आहे. आपल्या घरावरून एकाच वेळी कितीतरी केंद्रांच्या लहरी जात असतात. सांगली केंद्राच्या मध्यम लहरीची कंपने होती १२५१ किलोहर्ट्झ, म्हणजे एका सेकंदाला बारा लाख एक्कावन्न हजार. ही लहर झेलायला रेडिओत एक तरफच बसवलेली असते. ती तारेची नव्हे, विजेची. तांब्याच्या तारेचे वेटोळे आणि त्याला जोडलेला गँग कंडेन्सर, म्हणजे एकमेकांत सरकणारी ॲल्युमिनियमची पाती, या दोघांत वीज पाळण्यासारखी मागे-पुढे झुलते. पाती आत-बाहेर केली की झोक्याचा वेग बदलतो. खुंटी पिळून तार सुरात लावावी, तसेच हे. वेग १२५१ ला जुळला की सांगलीची लहर त्या झोक्याला बळ देते. बाकीच्या लहरी येतात आणि काही न हलवता निघून जातात.

पण एवढ्याने ऐकू येत नाही. ही कंपने इतकी जलद की हेडफोनचा पडदा पुढे ढकलला जातो न जातो तोच मागे ओढला जातो, बेरीज शून्य. त्यासाठी एक दरवान लागतो, जो विजेला एकाच दिशेने जाऊ देईल. विहिरीवरच्या पंपाला फूटव्हॉल्व्ह असतो ना, पाणी वर चढू देतो पण परत खाली उतरू देत नाही? तेच काम इथे एक स्फटिक करतो. मग केवळ पुढचे धक्के उरतात. निवेदकाच्या आवाजाबरोबर लहर उंच-सखल होत असते, तसे ते धक्केही कमी-अधिक होतात, आणि पडदा बोलू लागतो. गॅलेना या खनिजाच्या स्फटिकाचा असा उपयोग करण्याचे अमेरिकेतले पेटंट १९०४ साली आपल्या जगदीशचंद्र बोसांना मिळाले, हे आपल्या मुलांना सहसा कोणी सांगत नाही.

गंमत अशी की या यंत्राला बॅटरी लागत नाही. केंद्रातून निघालेली शक्ती तारेवर झेलायची आणि तिच्यावरच ऐकायचे. केंद्र मात्र जवळ हवे. सांगली आमच्यापासून आठ-दहा किलोमीटरवर.

नववीत असताना, १९९४ साली, मी हा रेडिओ करायला घेतला. कापडाच्या ताग्याची पुठ्ठ्याची नळी दुकानदाराने फुकट दिली. मोटार भरणाऱ्या कारागिराकडून वार्निशची तांब्याची तार आणली आणि नळीवर साठ वेढे दिले. पंधराव्या वेढ्याला एरियल जोडली. छपरापासून शेवग्यापर्यंत साठ फूट तार, विजेच्या तारांपासून लांब. पावसाळी गडगडाट सुरू झाला की ती सोडवून ठेवायची, हे करणाऱ्यांनी विसरू नये. वेटोळ्याचे खालचे टोक परसातल्या नळाच्या लोखंडी पाइपला. डायोड पाच रुपयांचा. हेडफोन जुन्या बाजारातला, दोन हजार ओहमचा. हल्लीच्या कानात घालायच्या बोंडांवर या यंत्राचा आवाज येत नाही, तेव्हा उगीच निराश होऊ नये.

अडले ते गँगपाशी. नवा घ्यायला पैसे नव्हते आणि घरात एकच होता, आण्णांच्या रेडिओत.

विचारायला मला चार दिवस लागले. आण्णांनी ऐकून घेतले, चश्मा पुसला आणि म्हणाले, “मोडायचा?”

“मोडायचा नाही, आण्णा. त्यातली पाती तेवढी काढून घ्यायची. बाकी पेटी तशीच राहील.”

ते उठले आणि स्वतः स्क्रू-ड्रायव्हर घेऊन आले. मागचा पुठ्ठा त्यांनीच काढला. आत धुळीचा थर आणि तळाशी परवान्याचे पुस्तक. ते तिथे जपून ठेवले होते, हे आम्हाला ठाऊकच नव्हते. गँग सोडवताना माझा हात थरथरत होता, त्यांचा नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातच्या आधी फळकुटावरची सारी मांडणी मी त्यांच्या खुर्चीसमोर ठेवली. हेडफोन त्यांच्या कानाला लावला. पाती हळूहळू फिरवू लागलो. काही नाही. मी घाबरून जोड तपासायला वाकलो, तर त्यांनी हात वर केला आणि म्हणाले, “थांब, तापू दे जरा.”

तापण्यासारखे त्यात काहीच नव्हते. मी ते बोललो नाही. अर्ध्या बोटाने पाती आणखी फिरवली, आणि आण्णांचे डोळे मिटले. बातम्या संपेपर्यंत ते तसेच बसून होते. मला त्यातले अवाक्षर ऐकू येत नव्हते, हेडफोन एकच.

ऐकून झाल्यावर त्यांनी खर्च विचारला. मी सत्तेचाळीस रुपये सांगितले. मग त्यांनी परवान्याचे ते पुस्तक आणले आणि फळकुटाचा एक कोपरा डुगडुगत होता त्याच्याखाली नीट सरकवून ठेवले.