खरी मेल अडू नये म्हणून

एका लहान कार्यालयाचा मेल सर्व्हर मी सांभाळते. त्यातला माझा सर्वाधिक वेळ जातो जंक फोल्डर तपासण्यात. मजकूर उघडत नाही, फक्त हेडर पाहते. इनबॉक्समध्ये घुसलेला एखादा स्पॅम माणूस खोडतो आणि विसरून जातो. जंकमध्ये अडकलेलं कोटेशन किंवा नोकरीचा अर्ज मात्र कुणाच्या नजरेलाच पडत नाही. पाठवणाऱ्याला वाटतं मेल पोचली, आणि जिच्यासाठी पाठवली तिला ती आल्याचा पत्ताही नसतो. म्हणून नियम लिहिताना मी खऱ्या मेलची काळजी आधी करते, स्पॅमची नंतर.

मेल आत आली की स्पॅमअसॅसिन तिला गुण देतो. जस्टिन मेसन यांनी २००१ मध्ये आणलेला हा प्रोग्राम आता अपाची फाउंडेशनकडे आहे. तारीख भविष्यातली, आयपी काळ्या यादीतला, मजकूर नुसत्या चित्रात, अशा एकेका खुणेला एकेक आकडा असतो. बदल केला नसेल तर बेरीज ५ झाली की मेल स्पॅम ठरते. काही खुणांना उणे गुणही असतात. मेलच्या बाजूनेही साक्ष घेतली जाते, हे मला या पद्धतीतलं सगळ्यात चांगलं वाटतं.

पुढचं काम सीव्हचं. मेल पेटीत टाकताना चालणाऱ्या नियमांची ही छोटी भाषा. तिचं पहिलं मानक २००१ मध्ये आलं, सुधारलेलं २००८ मध्ये. तिच्यात लूप मुद्दामच ठेवलेला नाही, म्हणजे कुणाच्या वेड्यावाकड्या नियमाने सर्व्हर गुंतून पडत नाही. आमचा मुख्य नियम तीन ओळींचा आहे: ‘एक्स-स्पॅम-फ्लॅग’ हेडरमध्ये ‘येस’ असेल तर मेल जंकमध्ये ठेव आणि थांब. कुठलाच नियम लागू पडला नाही, किंवा स्क्रिप्ट चालताना मध्येच बिघडली, तर मेल इनबॉक्समध्ये जाते. मेल मुकाट्याने नाहीशी करणारी ‘डिस्कार्ड’ ही आज्ञाही आहे. ती मी वापरत नाही. पेटीपर्यंत आलेली मेल ‘रिजेक्ट’ही करत नाही, कारण स्पॅमवरचा पाठवणाऱ्याचा पत्ता बहुधा खोटा असतो आणि नकाराचं उत्तर भलत्याच माणसाच्या गळ्यात पडतं.

खरी कसोटी मराठी मेलची. हेडरची जुनी रीत फक्त रोमन अक्षरांपुरती, म्हणून देवनागरी विषय बहुतेक वेळा बेस-६४ मध्ये बांधून पाठवला जातो. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं, आणि बेस-६४ तीन बाइटांची चार अक्षरं करतं. हिशेब असा चपखल बसतो की एकट्या ‘म’चे ‘चार, के, एस, यू’ होतात. शब्दातल्या प्रत्येक चिन्हाची सुरुवात ‘चार-के-एस’ किंवा ‘चार-के-डब्ल्यू’ अशीच. मध्ये स्पेस आली की मात्र, ती एकाच बाइटची असल्याने, पुढचा सगळा साचा सरकतो आणि तोच ‘म’ ओळखू येत नाही.

आमच्या सर्व्हरवर माझ्या आधीपासून प्रॉकमेल या मेल चाळणाऱ्या दुसऱ्या प्रोग्रामचा एक नियम होता: विषय असा बांधलेला दिसला की मेल बाजूला टाका. इंग्रजीतच पत्रव्यवहार चालणाऱ्या जागी तो खपून गेला असता. इथे मराठीत विषय लिहिणारा प्रत्येक जण त्यात सापडत होता, मग ते बैठकीचं निमंत्रण असो की निविदेची चौकशी. प्रॉकमेल हेडर जसा येतो तसाच वाचतो. सीव्ह आधी तो उलगडतो आणि मगच ताडून पाहतो. त्यामुळे सीव्हमध्ये ‘बैठक’ असं सरळ देवनागरीत लिहिता येतं.

तरी ‘कर्मचाऱ्यांसाठी’ हा शब्द हुलकावणी देतो. त्यातला अर्धा ‘र’ दोन प्रकारे टाइप होतो. कुणाचा कीबोर्ड नुक्त्याचा ‘ऱ’ आणि हलन्त घालतो, कुणाचा साधा ‘र’, हलन्त आणि न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, सर्व्हरला ते दोन वेगळे शब्द वाटतात. त्यामुळे असा पूर्ण शब्द मी नियमात घालत नाही. ‘कर्मचा’ एवढंच शोधते.

स्पॅमअसॅसिनमध्ये शब्दांवरून शिकणारा बेज फिल्टरही आहे, पण २०० स्पॅम आणि २०० चांगल्या मेल दाखवल्याशिवाय तो मतच देत नाही. त्या चांगल्या मेलमध्ये मराठी पुरेशा असाव्यात म्हणून मी हट्टाने, परवानगी घेऊन, त्या गोळा केल्या. कर्मचाऱ्यांनी जंकमध्ये ओढून टाकलेली मेलही त्याला शिकवली जाते. आपणच वर्गणी भरून मागवलेलं पत्रक कंटाळून तिथे टाकलं की शिकवण बिघडते. अशांना मी नाव काढून घ्यायची लिंक दाखवते.

नवा नियम बसवण्याआधी तो सीव्ह-टेस्टने जपून ठेवलेल्या खऱ्या मेलवर चालवते. यात मेल हलत नाही, फक्त कुठे गेली असती ते कळतं. एक जरी जंककडे निघाली तरी नियम थांबतो. ‘कर्ज मंजूर’ या दोन शब्दांवरचा नियम असाच थांबला: साठ्यात एका पतसंस्थेची खरी सूचना होती, शब्द नेमके तेच. सीव्हमधून काढून तो मी स्पॅमअसॅसिनमध्ये हलवला आणि त्याला एकच गुण दिला. आता अशी मेल अडायची तर आणखी चार गुणांच्या खुणा तिच्यात सापडाव्या लागतात.