स्टुटगार्टमधील पहिले दिवस
परदेशी उमेदवारीस जाणाऱ्या तरुणांसाठी काही उपयुक्त माहिती

मुंबई आणि स्टुटगार्ट ही दोन शहरे १९६८ पासून भगिनी-शहरे म्हणून एकमेकांशी जोडलेली आहेत. स्टुटगार्ट ही जर्मनीतील बाडेन-व्युर्टेम्बर्ग या राज्याची राजधानी होय. रॉबर्ट बॉश यांनी १८८६ मध्ये आपली कर्मशाळा याच शहरात उघडली. आज मोटार व यंत्रउद्योगाचे एक अग्रगण्य केंद्र म्हणून ते ओळखले जाते. कुशल मनुष्यबळ पुरविण्यासंबंधी महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये या राज्याशी करार केला. अभियांत्रिकीचे विद्यार्थीही तेथे 'प्राक्टिकुम', म्हणजे कार्यानुभवाची उमेदवारी, करण्यासाठी जातात. ही मुदत बहुधा काही महिन्यांचीच असते. त्यातील पहिले काही आठवडे निवारा, कागदपत्रे व एकाकीपणा यांच्याशी झगडण्यातच गेले, तर शिकण्यासाठी थोडाच काळ हाती उरतो. म्हणून तेथील जीवनाची रीत आधीच समजून घेणे अगत्याचे आहे.

कागदपत्रांची साखळी

जर्मनीत राहण्यास गेल्यावर दोन आठवड्यांच्या आत नगर कार्यालयात आपल्या पत्त्याची नोंद करावी लागते. त्यासाठी घरमालकाचे लेखी प्रमाणपत्र आवश्यक असते. या नोंदणीनंतर कर-क्रमांक टपालाने घरी येतो, आणि विद्यावेतन देताना आस्थापना तो मागते. टपालपेटीवर आपले नाव लावलेले नसेल, तर पत्र परत जाण्याचा संभव असतो. नावाची एक चिठ्ठी लावण्याचे राहून गेल्यामुळे पुढची सारी कामे अडून राहू शकतात.

खोली मिळविणे हे सर्वांत अवघड काम. टंचाईचा लाभ घेऊन फसविणारेही असतात. "आधी पैसे पाठवा, किल्ली टपालाने येईल," असे कोणी कळविल्यास तो व्यवहार तेथेच सोडून द्यावा. अनामत रक्कम मूळ भाड्याच्या तिपटीहून अधिक मागता येत नाही, असा तेथील कायदा आहे. पत्त्याची नोंद करू न देणारी खोली स्वस्त असली तरी घेऊ नये.

शेजारधर्म

स्टुटगार्टच्या परिसराला श्वाबेन म्हणतात. येथील 'केअरवोखे' ही प्रथा प्रसिद्ध आहे. इमारतीचा जिना व समोरची पायवाट झाडण्याची पाळी दर आठवड्याला एकेका बिऱ्हाडाकडे येते. ज्याची पाळी त्याच्या दारावर पाटी लटकते. नगरपालिकेची सक्ती १९८८ मध्ये संपली, तरी अनेक भाडेकरारांत ही अट आजही आढळते. पाळी चुकविणारा भाडेकरू शेजाऱ्यांच्या मनातून उतरतो. उलट, नेमाने झाडणाऱ्या परक्या तरुणाशी तेच शेजारी आपुलकीने बोलू लागतात.

रात्री दहा ते सकाळी सहा ही शांततेची वेळ मानली जाते. रविवारी दुकाने बंद असतात, म्हणून शिधासामग्री शनिवारीच भरून ठेवावी. कागद, काच, वेष्टने व ओला कचरा निरनिराळ्या पेट्यांत टाकावा. आगगाडीच्या फलाटावर फाटक नसते, परंतु तपासनीस अचानक येतात आणि विनातिकीट प्रवाशाकडून ६० युरो वसूल करतात.

कामाच्या ठिकाणी

वक्तशीरपणा हा तेथे सौजन्याचाच भाग समजला जातो. आठची बैठक म्हणजे आठला कामास प्रारंभ. आपल्या 'तू' आणि 'आपण' यांसारखाच भेद जर्मन भाषेत 'डू' आणि 'झी' यांत आहे. वरिष्ठांनी सुचविल्याखेरीज 'डू' म्हणू नये. कामातील दोष तोंडावर व स्पष्टपणे सांगितला जातो. तो कामाविषयी असतो, माणसाविषयी नव्हे, हे ध्यानात ठेवल्यास मन खचत नाही. न समजलेली गोष्ट विचारण्यात कमीपणा नाही. मान डोलावून चुकीचे काम करण्यात मात्र आहे. आजारी पडल्यास सकाळीच कळवावे. तातडीच्या संकटात ११२ हा दूरध्वनी क्रमांक फिरवावा. दवाखाने बंद असताना साध्या आजारासाठी ११६११७ हा क्रमांक आहे.

अंधार आणि एकाकीपणा

डिसेंबरात तेथे दुपारी साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. उन्हात वाढलेल्या आपल्या मुलांना हा अंधार जड जातो. त्यातच पुस्तकी जर्मन शिकून गेलेल्याच्या कानी श्वाबी बोली पडते. प्रमाण मराठी शिकून आलेल्याने मालवणात उतरावे, तशी त्याची स्थिती होते. अशा वेळी खोलीत बसून रोज घरी बोलत राहण्याने तात्पुरते बरे वाटते, परंतु नव्या गावाशी नाते जुळत नाही. घरच्यांसाठी ठराविक वेळ नेमावी. हिवाळ्यात दोन्ही देशांच्या घड्याळांत साडेचार तासांचे, उन्हाळ्यात साडेतीन तासांचे अंतर असते.

उरलेला वेळ शहराला द्यावा. शहर खोलगट दरीत वसले असून भोवतालच्या टेकड्यांवर द्राक्षमळे आहेत. तेथे नेणारे चारशेहून अधिक दगडी जिने चढण्यास पैसे पडत नाहीत. २०११ मध्ये उघडलेल्या मध्यवर्ती ग्रंथालयात कोणीही बसून वाचू शकतो. प्रौढशिक्षण केंद्रातील भाषावर्ग आणि क्रीडामंडळे यांतून ओळखी वाढतात. मराठी बांधवांचा आधार अवश्य घ्यावा, मात्र त्याच वर्तुळात अडकून पडू नये.

घरच्या मंडळींनीही एक गोष्ट जाणावी. पहिल्या महिन्यात मुलाचा आवाज खिन्न वाटला, तर "परत ये" असे लगेच म्हणू नये, आणि "सहन कर" असेही म्हणू नये. नोंदणी झाली का, जेवण वेळेवर होते का, बोलायला कोणी आहे का, एवढे विचारावे. या तिन्हींची उत्तरे होकारार्थी येऊ लागली, की परके शहर हळूहळू परके राहत नाही.