वास्तव्याचे मोल

गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात, प्रतापगड-गोठणगाव परिसरात, नॉरग्येलिंग ही तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. १९७२ साली ती वसली तेव्हा हा मुलूख भंडारा जिल्ह्यात मोडत होता. गोंदिया जिल्हा १९९९ साली अस्तित्वात आला. हिमप्रदेश सोडून आलेल्या या माणसांनी विदर्भाचा उन्हाळा सोसला, बांधीत उतरून धानाची रोवणी केली आणि हिवाळा आला की लोकरीचे कपडे विकण्यासाठी शहरोशहरी फिरण्याचा धंदा पत्करला. या गोष्टीला आता अर्धशतक उलटून गेले आहे. तथापि नागरिकत्व न घेतलेला तिबेटी माणूस कायद्याच्या दृष्टीने परदेशीच राहतो. नोंदणीचा दाखला जवळ बाळगणे व मुदत संपताच त्याचे नूतनीकरण करून घेणे त्याला चुकत नाही.

याच देशाच्या मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०१६ मध्ये परदेशी गुंतवणूकदारांसाठी एक योजना मंजूर केली. अठरा महिन्यांत १० कोटी किंवा छत्तीस महिन्यांत २५ कोटी रुपये गुंतवावेत, दरवर्षी किमान २० भारतीयांना रोजगार द्यावा, म्हणजे दहा वर्षांसाठी निवासाचा हक्क मिळावा व पुढे तो वाढवूनही मिळावा, असे तिचे स्वरूप होते. राहण्यासाठी एक घर विकत घेण्याची मुभा तीत होती. आणि विशेष म्हणजे नोंदणीच्या अटीतून माफीही होती!

भांडवलाला दार उघडणारा भारत एकटा नव्हे. अमेरिकेने १९९० साली असाच कायदा केला. दहा जणांना रोजगार ही त्याची अट असून २०२२ च्या दुरुस्तीने गुंतवणुकीची किमान रक्कम सर्वसाधारणपणे साडेदहा लाख डॉलर आणि मागास भागांसाठी आठ लाख डॉलर झाली. उलटपक्षी, कॅनडाने २०१४ साली आपली गुंतवणूकदार योजना गुंडाळली आणि ब्रिटनने २०२२ साली काळ्या पैशाच्या शंकेने हा दरवाजा बंद केला. पैसा कोठून आला हे न पाहता माणूस आत घेण्यातला धोका ब्रिटनला अनुभवाने कळला.

आश्रय आणि गुंतवणूक या भिन्न बाबी आहेत, त्यांची तुलना अनुचित होय, असा आक्षेप घेतला जाईल. तो सर्वस्वी निराधार नाही. उद्योग उभा राहिला तर रोजगार मिळतो, आणि धानाच्या पलीकडे फारसे साधन नसलेल्या पूर्व विदर्भाला त्याचे महत्त्व सांगावे लागत नाही. शिवाय मायदेशी परतण्याच्या आशेने अनेक तिबेटी स्वतःच भारतीय नागरिकत्व घेऊ इच्छित नाहीत, हेही खरे. परंतु येथे प्रश्न नागरिकत्वाचा नसून निर्धास्त वास्तव्याचा आहे. नागरिक न होताही गुंतवणूकदाराला ते देता येते, हे शासनानेच मान्य केले आहे.

मग जे १० कोटींनी मिळू शकते, ते पन्नास वर्षांच्या घामाने का मिळू नये? भारताने तिबेटींना जमीन दिली, शाळा दिल्या. हे औदार्य जगात दुर्मीळ आहे. त्याच औदार्याला दीर्घ मुदतीच्या, नूतनीकरणाचा जाच नसलेल्या निवासपत्राची जोड देण्यास तिजोरीतून फारसे काही जाणार नाही. वास्तव्याचे मोल केवळ रुपयांत मोजणारा देश श्रीमंत होईल कदाचित. परंतु ज्यांनी येथील मातीत आयुष्य घातले, त्यांचे ऋण त्याच्या हिशेबात कोठेच दिसणार नाही.