रहदारीची मोजदाद

गर्दी हटवावयाची तर रस्ता रुंद करावा, ही आपली जुनी समजूत. स्वीडनमधील स्टॉकहोम नगरीनें निराळा मार्ग धरला. ऑगस्ट २००५ पासून तिनें जादा बसगाड्या सोडल्या; परंतु नुसत्या त्यांनीं मोटारी कमी झाल्या नाहींत. मग ३ जानेवारी २००६ पासून, केवळ प्रयोग म्हणून, शहराच्या मध्यभागाची वेस ओलांडणाऱ्या मोटारींवर कर बसविला. वेशीवरची रहदारी सुमारें एक पंचमांशानें घटली. ३१ जुलैस कर थांबला आणि ती पुन्हां वाढली. माझ्या मतें खरा पुरावा हाच! सप्टेंबरांत नागरिकांचा कौल घेतला. आरंभीं कुरकुरणाऱ्या शहरानें होकार दिला आणि ऑगस्ट २००७ पासून कर कायमचा झाला. शेजारच्या अनेक नगरपालिकांत मात्र कौल विरुद्ध पडला होता.