काणी आणि ‘कोड रेड’



उसाच्या शेंड्यातून काणीचा चाबकासारखा काळा पट्टा निघाला की काही जण तेवढा पट्टा विळ्याने छाटतात आणि म्हणतात, झालं काम! थोड्या दिवसांत त्याच बेटातून दुसरा पट्टा निघतो. बेट मुळासकट काढून जाळल्याशिवाय सुटका नाही.

अगदी हेच २००१ साली संगणकांच्या बाबतीत घडलं. तुम्ही म्हणाल, ऊस विकास अधिकाऱ्याला ही उठाठेव कशाला? तर आपली ऊसनोंद, वजन, बिल, बँकेचा खातेनंबर, सगळं आता संगणकातच असतं, म्हणून.

इंटरनेटवर मागणी आली की माहिती काढून देणाऱ्या संगणकाला वेब सर्व्हर म्हणतात. मायक्रोसॉफ्टच्या ‘आयआयएस’ या सर्व्हर-प्रणालीचा एक भाग, आलेला मजकूर किती लांब आहे हे नीट तपासत नव्हता. सरीत मावेल त्याहून जास्त पाणी सोडलं तर वरंबा फुटून ते नको तिथे शिरतं. तसा मुद्दाम लांबवलेला मजकूर ठरलेली जागा ओलांडून मेमरीत शिरे आणि मग संगणक पाठवणाऱ्याचे हुकूम पाळू लागे.

यावरची दुरुस्ती कंपनीने १८ जून २००१ रोजी दिली होती. पुष्कळांनी ती बसवलीच नाही. कित्येकांना आपल्याकडे आयआयएस चालू आहे याचाही पत्ता नव्हता. जुलैत ‘कोड रेड’ नावाचा किडा त्याच फटीतून शिरला. १९ जुलैला १४ तासांच्या आत ३ लाख ५९ हजारांवर संगणकांना त्याची लागण झाली. एक संगणक बाधला की तो आपणहून पुढचे शोधी.

हा किडा फक्त मेमरीत राही. संगणक बंद करून पुन्हा चालू केला की जाई. लोक निर्धास्त होत. पण फट उघडीच असल्याने तो पुन्हा शिरे. पट्टा छाटला, बेट तसंच राहिलं!

तेव्हा दोन गोष्टी करा. मोबाइल ‘अपडेट’ मागतो तेव्हा ‘नंतर बघू’ म्हणू नका. त्यात बहुधा अशाच फटींची दुरुस्ती असते. आणि वार्षिक सभेत ऊसदराबरोबर हेही विचारा, की आपल्या सर्व्हरची दुरुस्ती शेवटची कधी झाली? आमच्यासारख्या नोकरांना हा प्रश्न अडचणीचा वाटला तरी विचारा. माहिती तुमची आहे.

बेणेप्रक्रिया लागणीआधी करायची असते, रोग दिसल्यावर नव्हे.

— ऊस विकास अधिकारी